नुरा

मोरकॅमच्या वृद्धाश्रमात, सात नंबरच्या खोलीत
दर मंगळवारी मी त्याला आंघोळ घालायचे.
अल्बर्ट ऑग्डेन. वय एक्क्याऐंशी. कान मोडलेले.
असे कान मी मिरजेत पाहिले होते,
तालमीच्या दारात, थंडाईच्या पेल्यामागे.
"पैलवान का?" विचारलं मी, चुकून मराठीतच.
त्याला कळलं.

बर्न्लीचा खाटीक, हे त्याचं पोस्टरवरचं नाव.
तेवीस वर्षं, या टाउन हॉलमधून त्या टाउन हॉलमध्ये,
शनिवारी चार वाजता टीव्हीवरसुद्धा.
रक्ताच्या रंगाचा एप्रन घालून यायचा,
पंचाची पाठ वळली की डोळ्यांत बोटं घालायचा,
लोक थुंकायचे,
आणि शेवटी हरायचा.
हरण्याचे पैसे बरे मिळत.
आठवड्यातून सहादा हरून त्याने घरावर नवं छप्पर घातलं,
डोरीनला शिलाई मशीन घेतलं.

आमच्याकडे याला नुरा म्हणतात.
जेवताना हा शब्द कोणी काढत नसे घरात.
माझा धोंडीमामा निकाली खेळला, बुधगावच्या मैदानात,
बावीस मिनिटं, खरी.
मानेचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत गेला म्हणतात.
पुढे एकोणीस वर्षं मामाने आढं पाहिलं
आणि भिंतीवरची गदा आई दर दसऱ्याला पुसत राहिली.

अल्बर्टच्या मांडीवर वाटाण्याएवढा खळगा होता.
"मॉडचं काम," तो म्हणाला. "खिडकीशी बसते ना, ती."
प्रेस्टन, एकाहत्तर साल, विणायची सुई.
तिच्या लाडक्या पोराला तो दोरात अडकवून पिळत होता तेव्हा.
मॉडला आता काही आठवत नाही.
रोज त्याच्या बशीतलं बिस्किट उचलते,
आणि हा, जुन्या सवयीने, दोन्ही हात वर करून
नसलेल्या पंचाला सांगतो, मी काही केलं नाही.

एकदा पाठीला साबण लावताना म्हणाला,
"माझी खरी विद्या सांगू? समोरच्याची मान.
डोक्यावर उचलला की ती माझ्या हातात असायची, अंड्यासारखी.
तेवीस वर्षांत एक फुटलं नाही."
मी नळ सोडला, उगीचच.

फेब्रुवारीत त्याने हॉलमध्ये गादी घालायला लावली.
"पडणार तर आहातच," सगळ्यांना म्हणाला, "मग नीट पडा."
हनुवटी छातीला. श्वास बाहेर.
हात अंगापासून लांब, तळवा आधी वाजला पाहिजे.
दोघी हसल्या, एक झोपली,
मॅनेजरबाई विम्याचं काहीतरी बोलल्या
आणि गादी गेली.

ऑक्टोबरात तो गेला. दफनाला अकरा माणसं.
त्यातला एक, काठी टेकत आलेला, सोन्याचा दात,
"मी याला दोनशे वेळा हरवलंय" म्हणाला
आणि कितीतरी वेळ खिशात रुमाल शोधत राहिला.
आईला फोनवर हे सांगितलं नाही.
कुठून सुरुवात करणार?

जानेवारीत, रात्रपाळी संपवून, समुद्राकडेच्या रस्त्यावर
बर्फावरून पाय गेला.
हनुवटी आपोआप छातीला.
तळवा असा वाजला की कठड्यावरचे सीगल उडाले.
मामा घरातून निघताना शड्डू ठोकायचा,
तो आवाज.

उताणी पडले होते, दोन्ही खांदे टेकलेले, चीत.
वर राखाडी आभाळ. आकडे मोजायला कोणी नव्हतं.
तीनच्या आधी उठायचं की नंतर,
मी सावकाश ठरवलं.