दाव्याची गाठ

आमच्या घरात एक खून होता.
बांधावर भांडण पेटलं की थोरले काका
सदऱ्याच्या बाह्या सारून म्हणत,
"सटवाचं रगत हाय हे, ध्यानात ठेव,"
आणि समोरचा गप घरी जाई.
आत्याला दोन ठिकाणांहून नकार आला
तो याच रक्तापायी.

कुणाचा खून, कधी, कशानं,
असं विचारलं की सगळ्यांना जेवणं आठवत.

म्हणून अंबाजोगाईला गेले.
अर्जावर कोर्ट फीचं तिकीट,
कारण : कौटुंबिक माहिती.
"जमिनीचं काही नाही ना?" बाबू म्हणाला.
नाही म्हटल्यावर त्याचा माझ्यातला रस संपला.
त्यामुळेच किल्ली मिळाली.

लाल फडकं म्हणजे फौजदारी, असं त्यानं सांगितलं.
आत सगळीच फडकी चहाच्या रंगाची.

उर्दू मला येत नाही.
काझी वजिहोद्दीन सर दर गुरुवारी स्कूटरवर येत,
भिंग, डबा आणि नाकाला बांधायला उपरणं घेऊन.
त्यांचं बोट उजवीकडून निघे,
मी सवयीनं डावीकडे थांबलेली.
खुनांची वही त्यांनी तीनदा चाळली.
मोमिनाबाद, मोमिनाबाद, मोमिनाबाद.
सटवा चार निघाले.
एकाचाही बाप खंडू नव्हता.

पाचव्या गुरुवारी, किरकोळमध्ये,
जाळायला काढून जाळायचा राहिलेला गठ्ठा.
सटवा वल्द खंडू, साकिन वाघाळा, उम्र छब्बीस.
"कद दरमियाना," सर म्हणाले, "म्हणजे मध्यम."
पणजोबाच्या अंगाविषयी एवढंच.
गाईचं वर्णन मात्र तीन ओळी :
कबरी, डावं शिंग खाली वळलेलं,
कपाळावर चांद, पाचव्या वेताची.

सरकारी कोंडवाड्याचं कुलूप तोडलं.
अकरा जनावरं पळाली.
महिना खुर्दाद.
"एप्रिल समजा," सर म्हणाले,
आणि बाटलीतलं पाणी प्यायले.

हाकिमानं विचारलंय :
गाय तुझी एक, बाकीची दहा का सोडलीस?
त्याचं उत्तर कारकुनानं उर्दूत नेलं,
सरांनी पुस्तकी मराठीत आणलं,
मी पुन्हा वाघाळ्याला नेऊन सोडलं :
"समदी एकाच दाव्यात व्हती, साहेब.
एक सोडाया गेलो, गाठच सुटली."

सरांनी ते दोनदा वाचलं.
पहिल्यांदा हसले.

तीन महिने सक्त,
पंधरा रुपये हाली सिक्का.
खाली अंगठा, मध्ये आडवी चीर पडलेला,
विळ्याची असेल, दोरीची असेल.
गाईचं पुढं काय झालं ते लिहिलेलं नाही.

नकलेवर शिक्का वाळेपर्यंत
पायरीवर बसून काकांना फोन लावला.
एक्याऐंशी वय, कानाला कमी, सगळं दोनदा सांगितलं.
कोंडवाडा, काका. को-न-वा-डा नाही, कोंडवाडा.
गाय. व्हय, गाय.

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"मंग खून?"
नव्हता.
"कुणाचाच?"
कुणाचाच नाही.

आत्याला कसं सांगायचं ते मी ठरवत होते,
तेवढ्यात काका हळू आवाजात म्हणाले,
इतक्या हळू की शेजारी कुणी असावं,
"आणखी कुणाला बोललीस का?
बांधाची तारीख हाय बावीसला.
तवर उगं राहा."