बोट न लावता

स्पॉल्डिंगच्या स्पेअरपार्टच्या दुकानात व्हिदास म्हणाला,
एलईडी नको घेऊ.
तुझ्या कोर्साची वाटी जुन्या बल्बासाठी घडलीय,
त्यात तो उजेड सैरावैरा पळेल,
समोरच्याच्या डोळ्यांत घुसेल,
आणि एमओटीला गाडी नापास.
जास्त वॅटचाही नको, वायर वितळेल.
हा घे. तेच पंचावन्न वॅट, पण तार नेमकी.
लांबवर फेकतो. जातो मात्र लवकर,
असं म्हणून त्याने खांदे उडवले,
जणू हे बल्बापुरतंच नव्हतं.

आणि एक. काचेला बोट लावायचं नाही.

मी थांबले.
त्याने कारण सांगितलं.
बोटांचं तेल काचेवर राहतं, तिथे काच जास्त तापते,
आणि एका रात्री, अर्ध्या रस्त्यात, तडकते.
लागलंच चुकून तर स्पिरिटने पूस. बास.

इतकं सोपं!
जिंतूरकडच्या आमच्या गावात
आईचा हात एकदा रहाटाच्या दोराला लागला होता.
सात वर्षांची होती.
तेव्हा कुणी कारण सांगितलं नाही,
कुणी स्पिरिट मागवलं नाही.
आई ती गोष्ट सांगताना अजून हात पदराखाली घेते.

नोव्हेंबर. चारला दिवस मिटतो.
होल्बीचच्या पुढे जमीन भाकरीसारखी थापलेली,
समुद्र मागे हटवून मिळवलेली,
रस्त्याला कठडा नाही, कडेला चर,
चरात काळं पाणी, कोर्सा पुरेल इतकं खोल.
ट्रॅक्टरांनी सांडलेला बीटचा चिखल.
गेल्या मंगळवारी एक वळण
मला वळून झाल्यावर दिसलं.
माझ्या यादीत अजून चार घरं होती.

म्हणून आज ड्युटीआधी, दारासमोर,
मोबाइलचा टॉर्च दातांत धरून
मी बॉनेट उघडलं.
डावा सहज बसला.
उजव्याकडे बॅटरी आडवी. ती काढा.
मग ती तारेची खिट्टी,
जी दिसत नाही, फक्त बोटांना कळते,
आणि बोटांत निळे हातमोजे,
जे मी रोज घालते
लोकांच्या पायांवरच्या न भरणाऱ्या जखमांसाठी.
खिट्टी सुटली, सांधा खरचटला,
हातमोज्याच्या आत रक्त.
बल्बाला लागलं नाही.
सोवळं म्हणतात ते हेच का, मी स्वतःशी हसले,
आमच्या घरात कुणी पाळलं नव्हतं ते,
पाळून घेतलं होतं आमच्याकडून.

रात्री साडेसात.
गेडनीच्या अलीकडे उजेड रस्त्यावर असा उतरला
की खड्ड्यांना कडा आल्या.
चर दिसला. चरापलीकडे कोबीच्या ओळी,
आणि एक ससा, मोठा, लांब कानांचा,
मागच्या पायांवर उभा राहून माझ्याकडे बघत.
मी ब्रेक दाबला. त्यानेच मग ठरवलं, कुठे जायचं.
समोरून लॉरी आली, तिने डोळा मारला,
एकदा, दोनदा.
मी डिपवरच होते. म्हणजे उजेड वर बसलाय.
उद्या टेस्कोच्या भिंतीसमोर उभी करून
स्क्रू फिरवावा लागणार.

मिसेस ओल्डरशॉंच्या घरी पोचायला नेहमीपेक्षा
बारा मिनिटं कमी लागली.
पट्टी बदलली. हातमोजे काढून पिशवीत टाकले.
त्यांनी माझा सांधा बघितला,
चष्मा वर केला, आणि न विचारता
माझा हात आपल्या हातात घेऊन
डेटॉलच्या पाण्यात बुडवला.
चुरचुरलं.
तू कुठे भांडलीस, म्हणाल्या.

परत येताना डॅशबोर्डच्या कप्प्यात
जुने बल्ब एकमेकांवर टिचत होते.
दारात गाडी बंद केली,
त्यातला एक बाहेर काढला, काच काळसर झालेली,
आणि उघड्या हाताने धरला.
पाची बोटांनी.