साडेपाच माड

पदेराचा भोंगा वळणाआड गेला की सहा.
पहिली फेरी रायबंदरच्या बाजूला सुटते,
मग वीस मिनिटं चोडणच्या धक्क्याचा उतार माझा.

मीटर मला कळत नाहीत.
चाकाला सत्तावीस ढकलण्या, म्हणजे एक माड.
झेलिया बाय हसली होती,
पण व्यायामाच्या वहीत तिनं तसंच लिहिलं:
सोमवार, चार माड. बुधवार, साडेचार.
शुक्रवारी खांदा बोलू लागला म्हणून फक्त ओढकाम,
खिडकीच्या गजाला सायकलची जुनी ट्यूब बांधून
ओढ, सोड, ओढ.
"पुढेच ढकलत राहिलास तर खांदे जातील रे.
आणि नवे कुठून आणू मी?"

दहाव्या मणक्याखाली मला घाम येत नाही.
सदरा वरून चिंब, खाली सगळं कोरडं,
मानशीच्या दाराशी भरती अडावी तसं.
म्हणून मानेवर ओलं फडकं,
आणि ऊन चढायच्या आत घर.

मधेमधे चाकं अडवून
दोन्ही हातांवर ढुंगण उचलायचं,
मिनिटभर, कातडी जगावी म्हणून.
त्या मिनिटात मी वर असतो.
कमरेला कोयता, खाली कुळागर,
आणि सुलक्षा नारळ मोजतेय, टोपलीएवढी दिसते.

पडलास कसा, लोक विचारतात.
माड ओला होता, सांगतो.
कोरडा ठणठणीत होता.
मडगावला लग्न होतं, मला घाई होती.

आज अवस. ओहोटी खोल गेलीय.
रोज पाण्यात असणारा उतार उघडा पडलाय,
हिरवा, बुळबुळीत, कडेला कालवं चिकटलेली.
फुकटात एक माड जास्तीचा.
उतरलो. हातमोज्यांचं कातडं करपल्यासारखं वासलं.
खाली वळलो,
आणि तिसऱ्या ढकलणीला
डावं चाक जागच्या जागी फिरलं.
हातभर मागे.
आणखी हातभर.
पाण्याचा आवाज पाठीशी.

फेरी परतून लागली होती.
खलाशी रोहिदास फळीवरून धावला,
मागच्या मुठी धरल्या.
"हात काढ."
काढले. पण गेला नाही.
चाकामागे पाऊल आडवं लावून उभा राहिला
दुसरीकडेच बघत, जणू खिशात विडी शोधतोय.

वाकलो, छाती मांड्यांवर.
बारक्या बारक्या ढकलण्या,
ओल्या माडावर चढतात तशा.
बोटीवर एक स्कूटरवाला भोंगा वाजवत होता.
वाजव.

वर आलो तेव्हा उजवा पाय आपणहून थरथरला,
मला न विचारता, तालात.
थांबेपर्यंत त्याच्यावर हात ठेवून बसलो.

"किती झाले?" रोहिदासनं खालून विचारलं.
सहा, म्हणालो.
साडेपाच होते.
पैसे माडामागे मिळतात,
पाडेली थोडे वाढवूनच सांगतो.