बसतं, पण फिरत नाही

पडलं तेव्हा फारसा आवाजसुद्धा झाला नाही.
हिप्परग्याच्या बांधावर, दगडावर,
चहाचा ग्लास ठेवावा तसं ठेवलं होतं स्पूल
आणि माझंच कोपर लागलं.
कडेला केसाएवढी चीर.
आता दर फेकीला दोरी तिथे अडते
आणि गळ पाण्याऐवजी माझ्या टोपीत येतो.

रीळ धडधाकट आहे. हँडल गुळगुळीत,
वरची तार फटकन मिटते.
बिघडलंय ते फक्त एवढंसं,
पळीभर आमटी मावेल असं भांडं.

रुमालात बांधून निघालो.
पहिला दुकानदार म्हणाला, मामा, आख्खं रीळच घ्या की.
दुसऱ्यानं खोकं ओतलं काउंटरवर:
हेही पंचवीसशेचं, तेही पंचवीसशेचं,
पण आकडा एक म्हणून पोट एक नसतं, कळलं का.
एक बसलं ते तारेला घासलं.
एकाचं भोक ढिलं.
एक इतकं बेमालूम बसलं
की मी पाकीट काढलं,
हँडल फिरवलं, आणि ते हललंच नाही.
बसतं, पण फिरत नाही, असं तो म्हणाला
आणि आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प झालो.

एकोणतीस वर्षं मागावर काढली मी,
गुंडेटींच्या कारखान्यात, चार माग एकट्यानं.
तिथं कांडी म्हणजे कांडी.
राजव्वानं भरलेली असो की अनसूयानं,
कुठल्याही धोट्यात जायची.
नाही गेली तर मालक ओरडायचा,
कांडीवर नव्हे, आमच्यावर.

अक्कलकोट रोडला इरफान नाईकवाडीचं लेथ.
त्यानं व्हर्नियर लावला, डोळा बारीक केला.
करून देतो, म्हणाला, अगदी हुबेहूब.
पण आतला तो टिकटिक करणारा चिमटा
मला जमणार नाही, चाचा.
मासा दोरी ओढून नेईल
आणि तुम्हाला ऐकू येणार नाही.

नको म्हणालो.
मरळ लागल्याचं कळतं ते त्या आवाजानं.
डोळ्यांचं माझ्या आता काही खरं नाही.

मग एका रविवारी पंपहाउसपाशी
एक जण हातानंच दोरी ओढताना दिसला.
मल्लिनाथ बिराजदार. एसटीत कंडक्टर होते.
काठीला लावलेलं रीळ तेच, तसंच शेवाळी,
तोच अर्धा पुसलेला नंबर.
आतले दाते गेलेत, म्हणाले, फिरवलं की दळण दळतंय.
स्पूल?
स्पूल नवंकोरं.

त्यांचं काढलं, माझ्या दांड्यावर ठेवलं, दाबलं.
टिक्क.

देता का विकत?
ते पाण्याकडे बघत राहिले,
सुट्टे पैसे नसले की बघायचे तसे बहुतेक.
इकत नाही, म्हणाले. येत जाईन की.

तेव्हापासून स्पूल येतं
त्यांच्या डब्यात, शेंगाचटणीच्या शेजारी.
एक फेक माझी, एक त्यांची.
चिलापी लागली तर त्यांच्या नातीला,
मरळ लागली तर भांडण.
ऊन उतरलं की ते स्पूल काढून घेतात,
सदऱ्याला पुसतात, डब्यात घालतात.
वरचा नॉब माझ्या खिशात राहतो.
हे आम्ही ठरवलेलं नाही.

मागच्या रविवारी साडेनऊपर्यंत आले नव्हते.
मी उगाच हँडल फिरवलं.
मोकळा दांडा वर झाला, खाली झाला, वर झाला,
आवंढा गिळताना गळा हलतो तसा.
मोबाईल काढला. नंबर कधी घेतलाच नव्हता.

तुळजापूरची गाडी थांबली,
दोन बायका उतरल्या, एक शेळी,
आणि मागून डबा छातीशी धरून, कुणाला तरी रागावत,
बिराजदार.