गाठीपर्यंतचं डोकं

बाबांच्या डोक्याचं माप मी दोरीवर आणलं होतं.
शेळीच्या केसांची दोरी, भुवयांच्या बोटभर वरून,
कानांवरून, मागच्या उंचवट्यावरून फिरवलेली;
टोकं भेटली तिथे गाठ.
ते झोपले असताना घेतलं.
जागेपणी घेऊ दिलं नसतं.

अरवैखेरच्या बाजारात, टायर आणि चुलाण्यांच्या मधल्या दुकानात
नारांगेरेलने दोरी पट्टीला लावली.
"अठ्ठावन्न," म्हणाली. "पण हे डोकं नव्हे,
डोक्याभोवतीचं कुंपण झालं.
आत लांबुळकं आहे की वाटोळं, ते दोरीला काय ठाऊक?
जा, डोकं घेऊन ये."

एकशे दहा किलोमीटर.
डोकं आणायला मला नऊ दिवस लागले.

कारण बाबा म्हणत होते, घोड्यावरून चारदा पडलो,
तेव्हा काय होतं माझ्या डोक्यावर?
आई शेण्या मोडता मोडता म्हणाली,
घोडा तुम्हाला ओळखत होता.
हे इंजिन ओळखतं का कुणाला?
ते काही बोलले नाहीत.
दहाव्या दिवशी पहाटे त्यांनीच किक मारली,
डोक्यावर कोल्ह्याची टोपी, मागे मी.

पहिलं हेल्मेट लोण्यात बोट जावं तसं गेलं.
बाबा खूश. "हेच."
नारांगेरेलने मागून कड धरून वर उचललं,
ते कलंडून सरळ नाकावर.
"पडलात तर हे तुमच्याआधी घरी पोचेल."

दुसरं कान दुमडत घुसलं.
गाल पुढे गोळा झाले,
दाणे कोंबलेल्या खारीसारखे.
"काढा हे!"
"गाल दाबू देत. अस्तर पंधरा दिवसांत बसेल.
कपाळ दुखलं तर तेवढं सांगा. आणि वीस मिनिटं
काढायचं नाही."

मग तिने चहा दिला, मिठाचा, दुधाचा.
बाबा स्टुलावर, हेल्मेटमध्ये.
पेला हनुवटीच्या कडेला आपटून थांबायचा,
चहा डेलवर सांडायचा.
आले-गेले गिऱ्हाईक त्यांना नमस्कार करत होते
आणि बाबा ओरडून ओरडून मेंढ्यांचा भाव सांगत होते,
कारण त्यांना वाटत होतं,
आम्हालाच ऐकू येत नाहीये.

काढलं. कपाळाच्या मधोमध
नाण्याएवढा लाल डाग.
"दुखत होतं?"
"थोडंसं."
"मग सांगितलं का नाही?"
बाबा पेल्यात बघत राहिले.
आयुष्यभर त्यांनी असंच केलं आहे, हे मी तिला सांगितलं नाही.

"हे लांबुळक्या डोक्यांचं," ती म्हणाली,
"लांब कुठेतरी, कुणाच्या तरी साच्यावर ओतलेलं."
शिडी लावून वरून तिसरं काढलं.
तेही अठ्ठावन्नच. पण आतून वाटोळं.
"मान हलवा."
हेल्मेट हललं, तशा भुवया हलल्या,
कपाळाची कातडी त्याच्याबरोबर सरकली,
जणू दोघांचं एकच ठरलं होतं.
पट्ट्याखाली दोन बोटं गेली. तिसरं गेलं नाही.

बाबा म्हणाले, "हे तर खोगिरासारखंच आहे की.
सैल असलं की पाठ सोलते, घट्ट असलं की घोडा रुसतो."
"मग नऊ दिवस कशाला लावलेत?"
या प्रश्नाचं उत्तर देण्यापेक्षा
त्यांनी घासाघीस न करता पैसे मोजले.

टोपी आम्ही जमिनीवर ठेवत नाही,
दुसऱ्याची डोक्यावर चढवत नाही.
म्हणून घरी हेल्मेटला जागा मिळाली
पेटीवर, कोल्ह्याच्या टोपीशेजारी.
संध्याकाळी माझा बिल्गून त्यात शिरला.
त्याने आत मान फिरवली;
हेल्मेट आपलं समोरच बघत राहिलं.
बाबांनी मागून कड धरली, वर उचललं.
"बघ, निघालं. तुझं नाही."
मग मला म्हणाले, "ती दोरी कुठे आहे?"

कोकराच्या गळ्यात बांधलीय, मी म्हटलं.
आम्ही बाहेर येऊन पाहिलं.
खुंट्याला दोरी होती, गाठ जशीच्या तशी,
आणि कोकरू अठ्ठावन्नातून मान काढून
केव्हाच टेकडीवर गेलं होतं.