सहाशे बारा खुरीस

म्हापशात सकाळचे सात वाजून दहा.
तिकडे अजून रात्र आहे,
कुठल्याशा क्रीडागृहात टेबलं जोडून
मतं मोजताहेत.

एस्पेरांसाबाईनं कुंपणावरून हाक मारली:
"भाऊ, तुला मोजणीतलं कळतं, येऊन बस."
कळतं.
एकतीस वर्षं नगरपालिकेत काढली,
ओल्या स्पंजावर बोट टेकवत
पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधले,
कोण पडणार ते रबर ताणतानाच समजायचं.

त्या शहराचं नाव ती दरवेळी वेगळं घेते.
पण वॉर्डाचं पक्कं पाठ आहे,
आणि जोविटोच्या पत्रकातलं सगळं:
कचरा पंधरवड्यातून एकदाच उचलतात,
शाळेमागचा दिवा नोव्हेंबरपासून बंद,
गटार तुंबतं.
मी वाचलं आणि हसू आलं.
माणूस एवढे समुद्र ओलांडून जातो
आणि पुन्हा गटाराच्याच काठाशी उभा राहतो,
कोटावर फितीचं फूल लावून,
प्रदर्शनात पहिल्या आलेल्या बैलासारखा.

तिला मी एक गोष्ट सांगत नाही,
कारण तिला ती माहीत आहे.

त्यानं पोर्तुगालचा पासपोर्ट घेतला त्या वर्षी
याद्या घेऊन घरोघर फिरणारा मीच होतो.
हेच टेबल. तिनं कोकमाचं सरबत दिलं.
माझं पेन अडलं म्हणून पेनही तिचंच.
वॉर्ड नऊ, अनुक्रमांक चारशे सतरा,
नावावरून आडवी रेघ.
"मेलेल्यांनाही अशीच मारतात?"
"रेघ तीच. शेरा वेगळा."
ती ग्लास विसळायला आत गेली
आणि बराच वेळ विसळत राहिली.

सात सेहेचाळीस.
फोनवर सुनेचा निरोप.
जोविटो सहाशे बारा.
दुसरा सहाशे तेवीस.
बाद नऊ.

"फेरमोजणी मागितली का? विचार, लगेच विचार."
मी खुर्चीतून अर्धा उठलेला.
तिचं लक्ष नाही.
"तिथं बटण दाबतात?"
"नाही. पेन्सिल देतात. दोरीला बांधलेली.
नावापुढच्या चौकोनात फुली मारायची."
"फुली म्हणजे?"

वर्तमानपत्राच्या कडेला काढून दाखवली.
आमच्या मास्तरांनी जन्मभर
चुकलेल्या गणितापुढे काढली तीच,
तिरपी, दोन फटकाऱ्यांची.
तिनं कागद थोडासा वळवला,
फुली उभी राहिली.
"खुरीस," ती म्हणाली.
"सहाशे बारा जणांनी
माझ्या पोराच्या नावापुढे खुरीस काढला?"

मी मान हलवली.
थडग्यावर काढतात तोही तोच,
हे आम्हा दोघांच्याही मनात आलं असणार.
कुणी बोललं नाही.
दारात पदेराचा भोंगा वाजला, वाजून पुढे गेला.

मग तिनं हिशेब केला:
"त्यातला एक त्याचा स्वतःचा. एक सुनेचा."
"असणार."
"म्हणजे सहाशे दहा."

आठ वाजता तो स्वतः बोलला.
"मांय, पडलो गे."
मग माझ्याकडे फोन द्यायला सांगितला.
"भाऊ, बाद नऊ. तुमच्याकडे किती असायची?"
"खूप. लोक सह्या करत,
कुणी उमेदवाराला मिशा काढी,
एकानं उसने पैसे परत माग म्हणून लिहिलेलं."
"इथंही," तो हसला, "एकावर लिहिलंय:
तुमच्यापैकी कुणीच नको,
पण बसवाला माणूस बरा आहे."
"ते मत कुणाला धरलं?"
"कुणालाच नाही."

नियमानं बरोबरच होतं.
मीही बादच केलं असतं.
घरी येऊन चहा टाकला, तरी ती चिठ्ठी
कुठल्या गठ्ठ्यात ठेवावी ते सुचेना.

पहाटे पाचला त्याची पहिली फेरी आहे.
तो बस काढेल. तुंबलेल्या गटारावरून,
त्या बंद दिव्याखालून.
सहाशे तेवीसातलेही काही जण
त्याच्याच बसमध्ये चढतील,
सुटे पैसे शोधत.