पोखर्णी फाटा

गंगाखेड डेपोत अकरा वर्षं झाली मला.
कोणत्या गावाला किती टप्पे, झोपेत विचारा.
मित्राची शाळा कोणत्या स्टॉपवर उतरून आहे
ते मशीनमध्ये नाही.

नाव संघमित्रा. वय नऊ.
बोलते ती माझ्याच गाडीची भाषा.
भूक लागली तर दैठणा.
नको असलं तर परभणी, परभणी, परभणी,
शेवटचा स्टॉप, सगळ्यांनी उतरा.
पोखर्णी फाटा कशाला म्हणते
ते मला उमगत नव्हतं.

सिव्हिलच्या रांगेत तीन बुधवार गेले.
कागदावर शिक्का आला, पासष्ट टक्के.
नणंद फोनवर म्हणाली, "टक्के बरे पडले की गं."
मग तिचं तिलाच कळलं, आणि दोघी
रेंज गेल्यासारख्या गप्प राहिलो.

टायवाल्या शाळेत एसी होता.
मॅडम गोड. "आमची काहीच हरकत नाही,
पण बाकीचे पालक..."
बाकीचे पालक त्या खोलीत नव्हते.
तरी मी त्यांच्यासाठी खुर्चीवरून उठले.

परभणीची निवासी शाळा बरी होती, खोटं कशाला बोलू.
फरशी धुतलेली. चाळीस खाटा, चाळीस ताटं,
प्रत्येक ताटावर खिळ्यानं ठोकलेला नंबर.
बाई मायेनं वाकल्या, "बाळ, तुझं नाव काय?"
"पोखर्णी फाटा."
त्यांनी वहीत लिहिलं, उत्तर दिले नाही.
एकोणतीस नंबरची खाट रिकामी होती.
उशाशी लोखंडाला कुणाची तरी टिकली चिकटलेली.
मी नखानं काढायला गेले, मग राहू दिली.
परतीच्या गाडीत ती खिडकीचा गज धरून
उलटीकडून गावं म्हणत आली.
एकही चुकली नाही.

गल्लीतली जिल्हा परिषदेची शाळा
मी धरलीच नव्हती हिशोबात.
गुरुजी म्हणाले, "बसू द्या की ओ, त्रास थोडीच देते?"
राग आला. त्रास न देणं हे काय शिक्षण झालं?
विशेष शिक्षक दर गुरुवारी,
त्यांच्याकडं बावीस शाळा अन् एक मोटरसायकल.
कधी कधी गुरुवारच येत नाही.
तरी चार दिवस बसवलं.
पाचव्या दिवशी रजा टाकून बघायला गेले.

तिथं घंटा म्हणजे रुळाचा तुकडा, लिंबाला टांगलेला.
मित्राला कुकरची शिट्टी सोसत नाही, ही कशी सोसावी?
मी दारातून धावणार
तेवढ्यात मधल्या रांगेतलं एक पोरगं उठलं,
मोईन नावाचं, नाक वाहतं, गुंडी तुटलेली,
तिच्यासमोर येऊन त्यानं स्वतःचे कान झाकले.
तिनं बघितलं. तिनंही झाकले.
मग टण्ण झालं.

"कुणी शिकवलं रे तुला?"
"कुणी नाही. घंटा व्हायलीय म्हणून
आधी सांगावं लागतंय तिला."

फॉर्म मी त्याच दिवशी भरला.
निर्णय म्हणण्याइतका मोठा नाही तो.
शाळा चौथीपर्यंत, मोईन चौथीत.
जूनला तो पलीकडच्या हायस्कुलात जाईल
आणि घंटा तर वाजणारच.
जाताना कुणाला तरी शिकवून जा म्हणावं त्याला,
की गुरुजींना म्हणावं रुळाला कापड गुंडाळा,
अजून ठरत नाही.

काल तो डेपोत आला होता, मामाला सोडायला.
म्हणाला, "काकू, पोखर्णी फाटा म्हणजे थांब जरा."
"तिनं सांगितलं?"
"नाही. ती म्हणती, अन् मी थांबतो."

खरं असेल, नसेल.
आज फाट्यावर कुणी उतरलं नाही, कुणी चढलं नाही.
ड्रायव्हरनं आरशातून दोनदा बघितलं.
डबल बेल द्यायला
मी जरा उशीर केला.